लिमिट पोकर: लिम्प की रेज?

लिमिट होल्डेममध्ये पैज किती लावायची हे ठरलेलं असतं. 4-8 डॉलरच्या टेबलावर मोठा ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधी एका खेळाडूने सक्तीने भरायची रक्कम, 4 डॉलरचा असतो. फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावर पहिली तीन सामाईक पानं उघडण्याआधी, तेवढेच 4 भरून हातात राहणं म्हणजे लिम्प आणि 8 भरणं म्हणजे रेज.

तुमच्याआधी कुणीच पैसे घातले नसतील, तर नियम सोपा आहे: पानं खेळण्याजोगी असतील तर रेज करा, नसतील तर टाकून द्या. रेजमुळे सगळ्यांनी पानं टाकली तर ब्लाइंड लगेच मिळतात. कुणी उरलंच तर प्रतिस्पर्धी कमी असतात आणि पुढाकार तुमच्याकडे राहतो. लिम्प केलं, तर मोठा ब्लाइंड भरलेल्या खेळाडूला कसलीही पानं घेऊन फुकटात फ्लॉप बघायला मिळतो.

दोन-तीन खेळाडू आधीच लिम्प करून बसले असतील, तर हिशेब बदलतो. एक्क्यांची किंवा राजांची जोडी असेल तर तेव्हाही रेजच करावी. पण पंजांची जोडी घ्या. फ्लॉपवर तिसरा पंजा येण्याची शक्यता सुमारे 12 टक्के, म्हणजे साधारण आठांत एकदा. असा हात स्वस्तात आणि अनेकांसोबत खेळणं परवडतं, म्हणून इथे लिम्प योग्य.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दोन खेळाडूंचा लिमिट होल्डेम संगणकाने जवळपास पूर्ण सोडवला. त्यांचा ‘सेफियस’ हा प्रोग्रॅम डीलरच्या जागेवरून, म्हणजे दोघांच्या खेळात फ्लॉपआधी पहिला निर्णय जिथून होतो तिथून, जवळजवळ कधीच लिम्प करत नाही.

म्हणून पहिल्यांदा पैसे घालणारे तुम्हीच असाल, तर लिम्प टाळा.