फटींतून जाणारी ऊब

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील हिवाळा उत्तर भारतातल्यासारखा कडक नसला, तरी डिसेंबर-जानेवारीतील पहाटे येथील तापमान अनेकदा १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, आणि बहुतेक घरे पाऊस व उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असल्यामुळे एवढी थंडीही घरात शिरून अंगाला झोंबते. विजेचा २००० वॅटचा हीटर रात्रभर, म्हणजे आठ तास, सतत चालवला तर १६ युनिट वीज जळते आणि फटींच्या घरात त्यातील बरीचशी ऊब बाहेरच निघून जाते. म्हणून सामान्य कुटुंबाने आधी पाहायचे ते हे, की माणसांच्या अंगातून, चुलीतून आणि दिवसाच्या उन्हातून घराला आयती मिळालेली उष्णता सकाळपर्यंत कशी टिकेल.

उष्णता तीन वाटांनी निघून जाते. दगड, फरशी किंवा पत्रा यांच्या स्पर्शातून ती जाते तेव्हा तिला वहन म्हणतात. तापलेली हवा वर चढते आणि तिच्या जागी गार हवा येते तेव्हा ते अभिसरण. आणि कोणत्याही माध्यमाशिवाय, किरणांच्या रूपाने ती निघून जाते तेव्हा ते प्रारण होय. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी काही हिवाळ्यांत पहाटे गवतावर आणि बोटींवर दव गोठलेले दिसते, ते या तिसऱ्या वाटेमुळेच. निरभ्र रात्री जमिनीलगतचे पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतात. त्यामुळे हवामान केंद्राच्या सव्वा मीटर उंचीवरच्या पेटीतील तापमापक शून्याच्या बराच वर असतानाही गवताच्या पात्यावर बर्फ धरू शकतो. घराच्या उघड्या पत्र्याचेही रात्री हेच होते.

तथापि जुन्या कौलारू घरात सर्वांत मोठी गळती अभिसरणाची असते. भिंतीचा माथा आणि छपराचे पाखे यांच्यामध्ये, वाशांच्या टोकांशी, बहुधा चार बोटे फट राहिलेली असते. पावसाळ्यात ओल सुकवायला आणि चुलीचा धूर जायला ती उपयोगी पडते, पण हिवाळ्यात घरातील ऊबदार हवा कौलांच्या सांध्यांतून आणि या फटीतून वर निसटते आणि तेवढीच गार हवा दाराखालून आत ओढली जाते. ही वाट शोधण्यासाठी उदबत्ती पुरते: संध्याकाळी वारा सुटला, की पेटलेली उदबत्ती दाराच्या चौकटीभोवती, खिडकीच्या झडपांशी आणि उंबऱ्याजवळ सावकाश फिरवावी, आणि धुराची सरळ रेघ जेथे एकाएकी आडवी होईल तेथे खडूने खूण करावी. चौकट आणि भिंत यांमधील भेग माती, शेण व भुसा यांच्या काल्याने किंवा सिमेंटने बुजवता येते; दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिळ्यांनी ठोकली, तर ती उंबऱ्याला घासत राहते आणि वारा अडवते; आणि जेथे तेही शक्य नाही, तेथे जुन्या लुगड्याच्या पट्टीत वाळू भरून केलेली लांबट पिशवी रात्री दाराशी टाकली तरी भागते. हिवाळी वारा या भागात बहुतांशी पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो, म्हणून त्या अंगाच्या फटी आधी बुजवाव्यात. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरात पावसाच्या माऱ्यापासून भिंती वाचवण्यासाठी गवताचे जे आडोसे, म्हणजे झडी, बांधतात, त्यांतील वाळलेल्या आणि धड असलेल्या झडी फेकून न देता या वाऱ्याच्या बाजूला उभ्या केल्या, तर त्यांचा दुसरा हंगामही सार्थकी लागतो.

छपराखाली माळा असेल तर अर्धे काम झालेलेच असते, कारण वर चढलेली ऊब तेथे अडते. माळा नसलेल्या खोलीत जुन्या साड्या एकत्र शिवून वाशांखाली ताणून बांधलेले कापडी छत हेच काम करते, मात्र ते चुलीच्या वर कधीही नसावे. पत्र्याच्या घरात अशा अस्तराची निकड अधिक असते, कारण पत्रा उष्णता अजिबात रोखत नाही आणि पहाटे झोपलेल्यांच्या श्वासातील वाफेचे त्याच्या थंड अंगावर पाणी होऊन अंथरुणावर थेंब पडतात. बांबूची चटई किंवा बारदान पत्र्यापासून चार बोटे खाली बांधले, तर मध्ये कोंडलेली स्थिर हवा उष्णतेला अडवते.

माण, खटाव, आटपाडी आणि जत या कोरड्या तालुक्यांतील धाब्याच्या घरांत, म्हणजे लाकूड व काटक्यांवर मातीचे जाड थर देऊन केलेल्या सपाट माळवदाच्या घरांत, ऊब निसटण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. रुंद मातीच्या भिंती दिवसाचे ऊन पिऊन घेतात आणि कित्येक तासांनी ते आत सोडतात, आणि छतातील सवणे, म्हणजे झरोका, झाकले की ऊब आत राहते. या घरांची थोरवी मान्य करतानाही हे विसरता येत नाही, की ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला झालेल्या भूकंपांत दगड-मातीच्या जड बांधकामांनीच असंख्य माणसे गाडली. त्यामुळे उबेसाठी जुन्या माळवदावर मातीचा आणखी थर चढवणे हे धोक्याचे आहे.

उन्हाचा विचार मात्र कोणत्याही घराला करता येतो. डिसेंबरच्या अखेरीस साताऱ्याला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवर, दक्षिणेकडे असतो, तर मेच्या मध्याच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आत येते आणि उन्हाळ्यात येत नाही. ती खिडकी सकाळी उशिरा उघडून ऊन कलताच बंद करावी.

रात्री खोलीपेक्षा अंथरूण उबदार ठेवणे स्वस्त पडते. वाकळ जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकत्र टाचून केलेली असते, आणि तिची ऊब कापडांमधील हवेच्या पातळ थरांत असते. दमट वाकळेत ही हवा उरत नाही, म्हणून दर दोन-चार दिवसांनी तिला ऊन दाखवणे आवश्यक आहे. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ देऊन सनगरांनी मागावर विणलेली घोंगडी अंगाला टोचते, पण तिच्या कुरळ्या धाग्यांत हवा अडकून राहते आणि थोडी ओल धरूनही ती गार पडत नाही. बहुतेक जण ती पांघरतात. ती खाली अंथरणे अधिक लाभाचे ठरते, कारण अंगाच्या भाराने वाकळ दबून तिच्यातील हवा निघून जाते आणि शहाबादी फरशी अंगातील उष्णता ओढत राहते, तर बाजेवर निजणाऱ्याला खालून वारा लागतो. दोन लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला जेमतेम एक दशांश युनिट वीज लागते, आणि ते रबरी पिशवीत भरून, कापडात गुंडाळून पायाशी ठेवले की वृद्धांना बराच वेळ आराम मिळतो.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे मात्र प्राणघातक आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच शुद्ध हरपते. फटी बुजवलेल्या घरात हा धोका वाढतो. शेकोटी अंगणातच असावी, चुलीच्या खोलीत धुराला वाट असावी, आणि गॅसचा गीझर कोंदट न्हाणीघरात लावू नये.

या साऱ्या उपायांची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, त्यांचे घर कायमचे नसते. कृष्णा-वारणेच्या काठच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला येणारी कुटुंबे ऐन थंडीचे महिने बांबू, ताडपत्री आणि पाचट यांच्या कोपीत काढतात, आणि नदीकाठच्या ओलसर शेतात जमिनीचा गारठा थेट लेकराच्या पाठीला लागतो. ताडपत्री बाहेरून वाऱ्याला अडवते आणि तिच्या आतला पाचटाचा थर ऊब राखतो, म्हणून हा क्रम उलटा होऊ नये. कोपीभोवती वीतभर मातीचा बांध घातला तर खालून वारा शिरत नाही. वाळलेले पाचट वीतभर जाड पसरून त्यावर बारदान आणि मग वाकळ अंथरली, तर अंग जमिनीपासून वेगळे राहते. आणि पाचट क्षणात पेट घेत असल्याने चूल कोपीपासून दहा-पंधरा पावले दूर, वाऱ्याच्या पाठच्या बाजूला मांडावी. पाचट फडातच मिळते. बारदान, धड ताडपत्री आणि लहान मुलांसाठी एकेक घोंगडी एवढे साहित्य कारखान्यांनी गळीत हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, थंडी वाढण्यापूर्वी, तळावर पोहोचवायला हवे.