ब्राउझरची मेमरी आणि लॅपटॉपचा संथपणा : गैरसमज व वस्तुस्थिती

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यातही सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोंद, उत्पन्नाचा व जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अशी जी कामे पूर्वी तलाठ्याच्या दप्तरावर आणि तहसील कचेरीच्या खिडकीवर अवलंबून असत, त्यांपैकी पुष्कळशी आज ब्राउझरच्या चौकटीत येऊन स्थिरावली आहेत. बोईसरच्या लहान कारखान्याचा हिशेबनीस जीएसटीचे विवरणपत्र तेथेच भरतो आणि पालघरच्या महाविद्यालयातील विद्यार्थी आपला प्रवेशअर्ज तेथूनच रुजू करतो. अशा स्थितीत लॅपटॉप संथ झाला म्हणजे केवळ यंत्र चालवणाराच खोळंबतो असे नव्हे. ज्या मोखाडा-जव्हारला आगगाडी पोहोचत नाही, तेथून एसटीने येऊन सेवा केंद्राच्या बाकावर बसलेल्या माणसाची दिवसाची मजुरीही त्या प्रतीक्षेत बुडते. म्हणूनच या संथपणाविषयी ज्या समजुती बेलाशक एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्यांची खातरजमा करणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : ब्राउझर इतकी मेमरी घेतो, त्या अर्थी तो सदोष आहे.

वस्तुस्थिती : २००८ च्या सप्टेंबरात गूगलने क्रोम प्रसृत केला, तेव्हा त्यातील मुख्य योजना अशी होती की, निरनिराळी पाने शक्यतो निरनिराळ्या प्रक्रियांत चालावीत, जेणेकरून एक पान कोलमडले तरी उरलेली पाने शाबूत राहतील. पुढे जानेवारी २०१८ मध्ये 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाउन' या नावांनी ओळखले जाणारे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाले आणि एका संकेतस्थळाचा दुष्ट हेतूने लिहिलेला कोड त्याच प्रक्रियेत चालणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळाची गुप्त माहिती वाचू शकेल अशी भीती उभी राहिली, तेव्हा क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रियेत ठेवण्याची व्यवस्था संगणकांवर सरसकट लागू केली. त्यापोटी मेमरीचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, हे गूगलने स्वतःच त्या वेळी नमूद केले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, जेथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने एकमेकांच्या शेजारी आहेत, तेथील रहिवाशांना हे तत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही : दोन विभागांमधील आगरोधक भिंत जागा खाते आणि खर्चही वाढवते, तथापि जागा वाचावी म्हणून ती पाडण्याचा सल्ला कोणी शहाणा मनुष्य देणार नाही. ब्राउझरने घेतलेल्या मेमरीचा काही भाग हे याच भिंतीचे मोल होय. बँकेचे पान आणि अनोळखी जाहिरातीचे पान शेजारी शेजारी उघडे असताना तुमचे खाते सुरक्षित राहते, त्यात या भिंतीचाही वाटा आहे.

गैरसमज २ : रॅम जितकी रिकामी, तितका लॅपटॉप वेगवान, म्हणून रॅम साफ करणारे सॉफ्टवेअर घ्यावे.

वस्तुस्थिती : रिकामी रॅम कोणतेही काम करीत नाही. शिल्लक रॅममध्ये वारंवार लागणाऱ्या फायली आगाऊ आणून ठेवणे आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी होताच ती तत्काळ मोकळी करणे, हा विंडोजचा नित्याचा शिरस्ता आहे. बाधा उत्पन्न होते ती रॅम वापरली गेल्यामुळे नव्हे, तर ती अपुरी पडल्यामुळे. मागणी रॅमच्या बाहेर गेली की विंडोज कमी वापरातील मजकूर प्रथम दाबून लहान करते आणि तेवढ्याने न भागल्यास तो डिस्कवरील राखीव फायलीत नेऊन ठेवते. आणि खरा विलंब येथे सुरू होतो, कारण रॅममधून मजकूर मिळण्यास जो काळ लागतो, त्याच्या सुमारे लाखपट काळ फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला आणि सुमारे हजारपट काळ एसएसडीला लागतो. रॅम साफ करणारी सॉफ्टवेअर चालू प्रोग्रॅमांचा मजकूर सक्तीने बाहेर काढतात. त्यामुळे पडद्यावरील आकडा क्षणभर समाधानकारक दिसतो, परंतु तोच मजकूर पुढच्या क्षणी परत आणावा लागत असल्यामुळे काम उलट रेंगाळते.

यास्तव औषधाआधी मोजमाप हवे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप अडखळत असतानाच त्यातील मेमरीच्या पानावर 'उपलब्ध' मेमरी किती आहे ते पाहावे : ती काही शे एमबीपर्यंत उतरली असेल आणि त्याच वेळी डिस्क सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर तुटवडा आहे असे समजण्यास सबळ आधार मिळतो, दोन-तीन जीबी उपलब्ध असूनही काम अडत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे.

गैरसमज ३ : टॅब जितके कमी, तितकी मेमरी कमी, दोष केवळ संख्येचा आहे.

वस्तुस्थिती : साध्या मजकुराची दहा पाने जेवढी मेमरी घेतात, तेवढी व्हिडिओ, नकाशा आणि जाहिराती असलेले एकच पान कधी कधी घेते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा दाबल्या की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि प्रत्येक टॅबचा व एक्स्टेन्शनचा हिशेब त्यात स्वतंत्र दिसतो. एज आणि फायरफॉक्स यांतही अशी सोय आहे. हा तपशील पाहिल्यावर पुष्कळांना असे आढळते की, कधी काळी कोणा संकेतस्थळाच्या आग्रहाने बसवलेली आणि पुढे विस्मरणात गेलेली एक्स्टेन्शन प्रत्येक पानात आपला कोड घुसवीत बसली आहेत. ती काढून टाकणे हा बिनखर्चाचा आणि बहुधा सर्वांत फलदायी उपाय होय.

न वापरलेल्या टॅबसाठी क्रोममध्ये डिसेंबर २०२२ पासून 'मेमरी सेव्हर' ही योजना आहे, एजमध्ये 'स्लीपिंग टॅब' आहेत, आणि विंडोजवरील फायरफॉक्स मेमरी फारच कमी पडल्यास असे टॅब आपण होऊन उतरवतो. मेमरी सेव्हरने निजवलेल्या टॅबवर परतले असता ते पान पुन्हा नव्याने उघडावे लागते. अर्धवट भरलेला अर्ज गमावू नये याची काळजी क्रोम यथाशक्ति घेतो. तरीही ज्या शासकीय संकेतस्थळांवर लांबलचक अर्ज भरावे लागतात, त्यांची नावे सेटिंग्जमधील 'परफॉर्मन्स' विभागात 'नेहमी सक्रिय' या यादीत घालणे सेवा केंद्रचालकांना श्रेयस्कर ठरेल.

गैरसमज ४ : कॅशे पुसली किंवा खाजगी खिडकी उघडली की रॅम वाचते.

वस्तुस्थिती : कॅशेचा मोठा साठा डिस्कवर असतो. तो रोज पुसल्याने रॅम मोकळी होत नाही. उलट तीच चित्रे आणि तोच कोड नेटवरून पुन्हा आणावा लागतो. जुनी फाईल अडकल्यामुळे एखादे पान चुकीचे दिसत असेल, तर त्यापुरती कॅशे पुसणे योग्य. खाजगी खिडकीतही पाने तितकीच मेमरी घेतात. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, एवढाच काय तो फरक. मात्र जेथे एकाच संगणकावर दिवसभर अनेकांचे अर्ज भरले जातात, तेथे ही खिडकी अवश्य वापरावी, कारण ती बंद होताच अर्जदाराचा लॉगिन आणि इतिहास संगणकावर उरत नाही. उतरवून घेतलेल्या फायली मात्र हाताने पुसाव्या लागतात.

गैरसमज ५ : ब्राउझर बदलला की प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : क्रोम, ब्रेव्ह, ऑपेरा आणि जानेवारी २०२० पासून एज हे सारे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत, फायरफॉक्सचा पाया वेगळा आहे. त्यांच्यात फरक असतो, परंतु तीच पाने आणि तीच एक्स्टेन्शन नव्या ब्राउझरात नेल्यास खर्चही बव्हंशी तोच राहतो. दोन ब्राउझर एकाच वेळी उघडे ठेवल्यास तर तो वाढतोच.

गैरसमज ६ : संथ झाला म्हणजे रॅम वाढवावी, नाही तर नवा लॅपटॉप घ्यावा.

वस्तुस्थिती : विंडोजची ३२-बिट आवृत्ती असेल, तर ४ जीबीच्या वर घातलेली रॅम सामान्यतः उपयोगात येत नाही, आणि काही लॅपटॉपांत रॅम मुख्य पट्टीवर झाळलेली असल्यामुळे ती वाढवताच येत नाही. खरेदीपूर्वी या दोन गोष्टी पाहाव्यात. जुन्या लॅपटॉपात अद्याप फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवल्याने बहुधा सर्वाधिक फरक पडतो.

उष्णतेचाही विचार करावा. किनाऱ्यावरील दमट हवेत आणि कारखान्यांच्या धुळीत वर्षानुवर्षे वापरलेल्या लॅपटॉपचा पंखा धुळीने भरला की प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच कमी करतो, आणि त्याचा दोष मात्र ब्राउझरच्या माथी येतो. वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा लॅपटॉप बॅटरी वाचवण्यासाठी संथ होतो, तोही याच प्रकारचा भास. शिवाय विवरणपत्राच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अखेरच्या तारखेला संकेतस्थळावरच गर्दी उसळते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर शांत असतील आणि तरीही पान उघडत नसेल, तर विलंब नेटवर्कचा वा सर्व्हरचा असून लॅपटॉप निर्दोष आहे.

सारांश, उपायांचा क्रम असा असावा : आधी मोजमाप; मग निरुपयोगी एक्स्टेन्शन काढणे आणि मेमरी सेव्हर चालू करणे; त्यानंतर पंख्याची सफाई; त्यानंतर एसएसडी; आणि तुटवडा सिद्ध झाल्यावरच रॅम. ब्राउझर आणि विंडोज यांची सुरक्षा-अद्यतने वेगाच्या लोभाने बंद करू नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, ज्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घालण्याचा विचार जरूर करावा. नवा लॅपटॉप ही सामान्य कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या बचतीची बाब आहे. ज्या दुरुस्तीला थोडा वेळ आणि थोडी चिकित्सा पुरेशी आहे, तिच्यापायी ही बचत खर्ची पडू नये, याची जबाबदारी विकणाऱ्यावर, दुरुस्त करणाऱ्यावर आणि सल्ला देणाऱ्या आपणा प्रत्येकावर आहे.