जमत नाही, की कधी केलंच नाही?

आता प्रश्न येतो रोजच्या कामांचा. बायपोलर आजार असलेल्या सत्तरीतल्या माणसाला ‘सगळं नीट चाललंय ना?’ असं विचारलं, तर उत्तर त्या दिवसाच्या मनःस्थितीतून येतं. उदासीत तो म्हणेल, ‘मला काहीच जमत नाही.’ उन्मादाकडे झुकलेला असेल तर, ‘अहो, सगळा कारभार मीच बघतो!’ म्हणून मन स्थिर असताना तपासायचं, घरच्यांनाही विचारायचं, आणि शक्य तिथे काम करून दाखवायला सांगायचं. हे पैसे मोजा, फोन लावा, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरा.

लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ची मोजपट्टी फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैसे अशी आठ कामं विचारते. पूर्वी पुरुषांसाठी त्यातली स्वयंपाक, घरकाम आणि कपडे ही तीन मोजत नसत. आपल्याकडे तर हा मुद्दा फारच लागू! आजोबांनी जन्मात कधी चहा केला नसेल, तर आज ते करत नाहीत यात बिघाड कसला? पण पासबुक स्वतः भरून आणणाऱ्या आजींनी ते काम सुनेकडे सोपवलं, तर तिथे थांबा आणि विचारा, कधीपासून? का?

कदाचित हात थरथरतो, सही जुळत नाही, एवढंच कारण निघेल. ती थरथर लिथियमची असू शकते. वयाबरोबर मूत्रपिंडांचं काम मंदावतं, त्यामुळे वर्षानुवर्षांचा तोच डोस आता जास्त होऊ शकतो. थरथर अचानक वाढली, तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातलं लिथियम तपासून घ्या.