अगोटीपूर्वी घरच्या धान्याची राखण

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके मुख्यतः भाताचे होत. दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी आटोपली म्हणजे भात घरात येते आणि त्यावर कुटुंबाला पुढील हंगामापर्यंत निर्वाह करावयाचा असतो. पहिले काही महिने हवा कोरडी असल्याने चिंता नसते. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या टापूत पावसाळ्यात ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. भिंती व जमीन ओल धरतात आणि फाल्गुनात निर्मळ दिसणाऱ्या कणगीत आषाढात किडे वळवळू लागतात. पावसाने कीड आणली, असा मग समज होतो. वास्तविक कीड आधीच घरात असते; ओल तिला वाढण्यास संधी देते. म्हणून घरातील किडीवरचा खरा उपाय अगोटीपूर्वी, वैशाखाच्या उन्हातच करावयाचा असतो.

शत्रूची ओळख

तांदळातील सोंडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. मादी दाण्याला बारीक भोक पाडून त्यात एक अंडे घालते व चिकट द्रवाने भोक बुजविते. अळी दाण्याच्या आतच वाढत असल्याने वरून काही कळत नाही. उबदार व दमट हवेत ४ ते ५ आठवड्यांत नवा किडा बाहेर पडतो, आणि एक मादी आयुष्यात सुमारे ३०० अंडी घालू शकते. यावरून मृगात राहिलेले थोडे किडे श्रावणापर्यंत किती होतील, याची कल्पना यावी.

भाताचे तूस अभंग असेल तर सोंड्यांना आत शिरणे कठीण जाते. यासाठी सर्व भात एकदम भरडून तांदूळ साठविण्यापेक्षा भात तसेच ठेवून लागेल तेवढे गिरणीवर न्यावे. भाताला मुख्य उपद्रव धान्यातील पतंगाचा व दाणे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा होतो. पतंगाची लागण पुष्कळदा शेतातूनच येते. मात्र तो ढिगात खोल जाऊ शकत नाही, वरच्या थरातच अंडी घालतो. कणगीचे तोंड शेणामातीने नीट लिंपून घेण्याची जुनी रीत या दृष्टीने शास्त्रशुद्धच आहे.

भातानंतर घेतल्या जाणाऱ्या वालाचा भुंगेराही शेतातूनच घरात येतो. वाल कडक वाळवून एका किलोला सुमारे एक चमचा खाद्यतेल चोळून ठेवल्यास दाण्यावर घातलेल्या अंड्यांची वाढ बहुतांशी खुंटते.

वाळवण आणि साठवण

साठवणीच्या भातातील ओलावा शेकडा १२ च्या आसपास असावा. तो ओळखण्याची एक सोपी रीत आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे भात व चिमूटभर कोरडे मीठ घालून ती चांगली हलवावी. मीठ काचेला चिकटले तर भात ओले आहे असे समजावे व त्यास आणखी उन्हे द्यावीत. वाळविलेले धान्य निवल्यावरच भरावे.

कणगी रिकामी करून झाडावी, भेगा लिंपाव्यात व ती उन्हात तापवावी. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवावीत. जुन्या धान्यात नवे कधीही मिसळू नये. कोठी भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावी. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी काठोकाठ भरली तर आत हवा थोडी राहते व किडे गुदमरून मरतात. कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याने किडे काहीसे दूर राहतात. परंतु दाण्याच्या आतील अळी त्याने मरत नाही.

बियाण्याच्या भाताची काळजी अधिक घ्यावी. कर्जत येथे १९१९ पासून भाताचे संशोधन चालू आहे व तेथील सुधारित जाती घरोघरी पोहोचल्या आहेत. पण किडीने दाण्यातील अंकुर खाल्ला तर उत्तम जातीचे बियाणेही रोपवाटिकेत उगवणार नाही.

विषारी औषधांविषयी इशारा

एकेकाळी घराघरांत बी.एच.सी. व डी.डी.टी. यांच्या भुकट्या वापरल्या जात. बी.एच.सी.वर १९९७ पासून देशात बंदी आहे आणि शेतीतील डी.डी.टी.चा वापर १९८९ मध्ये बंद करण्यात आला. अशी जुनी पुडी घरात असल्यास ती धान्यास लावू नये.

त्याहून घातक म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो व त्यावर नेमका उतारा नाही. माळ्यावर कणगी आणि खाली मुले निजलेली, अशा घरात ही गोळी ठेवणे म्हणजे किड्यांसाठी माणसांचा जीव धोक्यात घालणे होय. ही धुरी सरकारी यंत्रणेने अथवा परवानाधारक प्रशिक्षित माणसांनीच द्यावयाची असते. चुकून असा प्रकार घडल्यास सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे व बाधिताला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

उंदरांचा बंदोबस्त

उंदीर खातो त्याहून अधिक नासतो. त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि पायाच्या जखमेवाटे लावणी करणाऱ्यांच्या शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने अनेकांचा बळी घेतला. लावणीच्या दिवसांत ताप व पोटऱ्यांत तीव्र वेदना आढळल्यास आरोग्य केंद्रात त्वरित जावे.

संध्याकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती वापरातली समजावीत. बिळे खणून उंदीर धरण्याचे येथील कातकऱ्यांचे कसब प्रसिद्ध आहे. शेताच्या बांधांवर त्यांचे साह्य योग्य मोबदला देऊन घ्यावे. घरात भिंतीच्या कडेने सापळे लावावेत, कारण उंदीर भिंतीला धरून पळतो. विषारी आमिष मुलांच्या व गुरांच्या वाटेत ठेवू नये. मेलेले उंदीर उघड्या हाताने न उचलता खोल पुरावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मोहीम वैशाखात, सबंध वाडीत एकाच आठवड्यात घ्यावी. एका घराने कोठी झाडली आणि शेजारच्या घरी किडकी पोती तशीच राहिली, तर महिन्याभरात कीड परत येते. उंदरांचेही तेच आहे. सर्व वाडीने मिळून चार दिवसांचे ऊन कामी लावले, तर श्रावणातही घरचे भात निर्मळ राहील व विकतच्या धान्यासाठी उसनवारीची पाळी येणार नाही.