बी साइडच्या शेवटी

माझं लहानपण जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत गेलं. भंडाऱ्याहून जवळच, पण क्वार्टर्समध्ये मात्र अख्खा देश राहायचा. समोर मल्याळी, मागच्या लाइनीत बंगाली आणि आमच्या भिंतीला भिंत लागून गोव्याचं कुटुंब. रविवारी सकाळी आमच्या घरी आकाशवाणी नागपूर लागलेलं असे आणि भिंतीपलीकडून गोवेकर आंटीच्या टेपवर लॉर्ना!

आता ही लॉर्ना कोण, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे रिकी मार्टिन आणि शकिरा टीव्हीवर दिसू लागले, तेव्हा पोरींना वाटलं, ही लॅटिन गाणी कायतरी एकदम नवीन. पण तसले ठेके गोव्याच्या माणसांनी कितीतरी आधी आपल्या मातीत रुजवले होते. 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, चर्चमध्ये पोरं लहानपणीच सुरांची लिपी वाचायला शिकायची. पुढे त्यातली कितीतरी मुंबईला आली, हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवू लागली. क्यूबाचा चा-चा-चा, ब्राझीलचा बोसा नोव्हा, अमेरिकेचा जॅझ, सगळं त्यांच्या हातात होतं. मडगावचा ख्रिस पेरी हा त्यांतलाच. ट्रम्पेट वाजवायचा, सॅक्सोफोन वाजवायचा, कोकणी गाणी रचायचा. आणि ती गाणी गायची मुंबईत वाढलेली लॉर्ना कोर्देरो. तिचा आवाज दणदणीत. लाजून गाणं तिला ठाऊकच नव्हतं.

साठ-सत्तरच्या दशकांत एच.एम.व्ही.नं या जोडीच्या तबकड्या काढल्या. पुढे त्यांतली निवडक गाणी एकत्र करून निघाली. आंटीकडे होती ती अशीच निवडक गाण्यांची कॅसेट. ‘बेबदो’ नावाचं गाणं लागलं की आंटी गॅस बारीक करून टाळ्या वाजवायची. आईनं एकदा अर्थ विचारला. आंटी म्हणाली, “बेबदो म्हणजे तुमचा बेवडा!” आई इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. “म्हणजे दारुड्याचंच गाणं! अन् मी समजत होतो देवाचं हाये.”

मी तेव्हा सातवीत असेन. एक दिवस मी आंटीला विचारलं, “ही लॉर्ना आता कुठे गाते?”

आंटीचा चेहरा पडला. “गात नाही ती आता.”

“का?”

“असंच. बायकांचं असतं कायतरी.”

ते ‘कायतरी’ काय, हे मला मोठेपणी वाचून कळलं. ख्रिस पेरी विवाहित होता. त्या दोघांचं सूत जुळलं आणि पुढे तुटलं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या बँडसोबत गाणार नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं होतं, असं सांगितलं जातं. खरंखोटं त्या दोघांनाच ठाऊक. पण ती गायची थांबली आणि वीसेक वर्षं थांबली, हे खरं. गोव्यात लग्नं लागत होती, लोक तिच्या गाण्यांवर नाचत होते, कॅसेटी खपत होत्या आणि ती बाई मुंबईत गप्प बसून होती. आपण ‘निवडक गाणी’ वाचलं की समजतो, गाणाऱ्याचं भरून पावलं. मला मात्र आता ती कॅसेट आठवली की कसंसंच होतं.

आई ते ऐकत होती. काही बोलली नाही. आईचंही एक गाणं होतं, हे आम्हाला माहीत होतं, पण घरात तो विषय निघत नसे. लग्नाआधी नागपूर केंद्रावरून तिला आवाजाच्या चाचणीचं पत्र आलं होतं. तेवढ्यात सोयरीक जमली. सासरी सांगितलं गेलं, की आमच्या घरची सून माइकवर गाणार नाही. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं चालतात, त्यात बाया गातात, लोक पैसे टाकून बघतात. पण आपल्या घरची नको! पत्र ट्रंकेत गेलं. भाद्रपदात भुलाबाईच्या वेळी पोरींमध्ये बसून ती थोडं गुणगुणायची, तेवढंच.

त्या दिवसानंतर आंटीनं तिचा पिच्छाच पुरवला. “तुम्ही गा. मी टेप करते.” आई म्हणायची, “आता कुठं गातो मी? घसा बसला माहा.” शेवटी एका दुपारी बाबा ड्यूटीवर असताना आंटीनं आईला आपल्या घरी नेलं. कोरी कॅसेट नव्हती. मग तिनं लॉर्नाचीच कॅसेट काढली. विकत आणलेल्या कॅसेटवर चुकून रेकॉर्ड होऊ नये म्हणून वरच्या कोपऱ्यातली खिट्टी मोडलेली असते, त्या भोकावर सेलोटेप लावली. बी साइडच्या शेवटी तीन-चार मिनिटांची पट्टी रिकामी होती. पंखा बंद केला, कुकर उतरवला. मी दाराशी बसले. आईनं आवाज लावला तेव्हा मला ती माझी आई वाटेचना. मध्येच फॅक्टरीचा भोंगा वाजला, तोही त्यात आला.

1995 साली लॉर्ना पुन्हा उभी राहिली. मुंबईतला वादक रॉनी मॉन्सेरात यानं तिला गायला लावलं, ‘हॅलो लॉर्ना’ निघाली. आंटीनं सुट्टीवरून येताना ती आणली. आवाज जाड झाला होता, पण जोर तोच! आईनं दोन्ही बाजू ऐकल्या आणि “वीस वर्षं वं” एवढंच म्हणाली.

2002 मध्ये ख्रिस पेरी गेला. 2014 मध्ये या गाण्यांवर बार्द्रोय बारेतोनं ‘नाचूंया कुंपासार’ हा कोकणी सिनेमा काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. कुंपास म्हणजे ताल, शब्द पोर्तुगीजांचा. मी तो मोबाइलवर पाहिला. नायिका गायची थांबते तिथे मी पण थांबवला आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पाहिला.

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. अंकलच्या निवृत्तीनंतर आंटी गोव्याला गेली, कॅसेट तिच्यासोबत. तेव्हा मागावी, असं कुणालाच सुचलं नाही. पहिली काही वर्षं नाताळला कार्ड यायचं, मग तेही बंद झालं. लॉर्नाची सगळी गाणी आता मोबाइलवर बोट लावलं की वाजतात. मी ऐकते, आणि शेवटचं संपलं की तसाच थोडा वेळ कानाला लावून ठेवते.