सदतीसला एक

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की प्रवासी बटाटेवड्यासाठी खिडकीशी गोळा होतात. तेवढ्यात गाडीच्या मागच्या टोकाला हलका हिसका बसतो. विजेची दोन-तीन इंजिने येऊन शेवटच्या डब्याला जोडली गेलेली असतात. रेल्वेच्या भाषेत हे ‘बँकर’. पुढच्या इंजिनाने ओढायचे, यांनी मागून ढकलायचे आणि लोणावळा आले की सुटे होऊन पुन्हा घाट उतरायचा, एवढेच त्यांचे काम.

हा सगळा खटाटोप बोरघाटाच्या चढासाठी आहे. तो सर्वांत तीव्र आहे तिथे सदतीसला एक भरतो, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर येते. मोटारीला एवढा चढ जाणवतही नाही. रेल्वेला मात्र तो जड जातो. पोलादी चाक पोलादी रुळावर फारसे घासत नाही, म्हणून सपाटीवर रेल्वे थोड्या शक्तीत प्रचंड वजन वाहून नेते. चढावर तोच गुण आडवा येतो.

हिशेब साधा आहे. या चढावर दर टन वजनामागे सुमारे २७ किलोचा जोर गाडीला मागे खेचतो. हजार टनांच्या गाडीला तो २७ टन होतो, शिवाय इंजिनाचे स्वतःचे वजन आहेच. उलट बाजूला इंजिनाची पकड: कोरड्या रुळावर ती वजनाच्या साधारण पाव भरते. १२० टनांचे इंजिन फार तर ३० टनांचा जोर लावू शकते. पाऊस पडून रूळ ओले झाले की पकड निम्म्यावर येऊ शकते. मग इंजिनात कितीही ताकद असो, चाके जागच्या जागी गरगरतात. चाकांपुढे रुळावर वाळू सोडायची सोय इंजिनात असते ती यासाठीच. आणि सगळी ओढ पुढूनच लावली, तर पहिल्या डब्यांच्या कपलिंगवर नको इतका ताण येतो. म्हणून जादा इंजिने मागे.

‘वंदे भारत’ला बँकर लागत नाहीत, त्याचे उत्तरही याच हिशेबात आहे. तिच्या मोटारी अनेक डब्यांखाली विखुरलेल्या असल्यामुळे गाडीच्या वजनाचा मोठा भाग मोटारीने फिरणाऱ्या चाकांवरच पडतो.

हा चढ आला कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या प्रवाहांवर प्रवाह साचून दख्खनचे पठार तयार झाले. पुढे पश्चिमेकडची जमीन तुटून दूर गेली आणि त्या तुटक्या कडेला पाणी झिजवत राहिले. आज दिसणारा सह्याद्रीचा कडा असा घडला आहे. कर्जत समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर, तर लोणावळा सहाशे मीटरच्या वर. मधे उतरती टेकाडे नाहीतच, थेट भिंत आहे. तिच्यात निसर्गाने सोडलेल्या खाचांपैकी बोरघाट एक.

ती खाच माणसाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. घाटमाथ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात ज्यांच्या दानाचे लेख कोरले आहेत त्यांत यवन, म्हणजे ग्रीकही, आहेत. बंदरांकडून येणारा व्यापार याच वाटांनी वर चढत होता. राजमाची किल्ला याच घाटावर नजर ठेवून उभा आहे. शेजारच्या उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाचे सैन्य कोंडले. १८३० मध्ये गाडीरस्ता झाला. त्या काळातला पूल पुढे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडण्यात आला.

रेल्वेचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. त्यांच्यापुढे चढ कमी ठेवायचा की मार्ग लहान, हा पेच होता. शेवटी सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग, २५ बोगदे आणि आठ मोठे पूल असे गणित जमले. तरीही एका जागी डोंगराची सोंड अशी आडवी आली की वळण घ्यायला जागाच उरली नाही. तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधले. गाडी सोंडेच्या टोकापर्यंत यायची, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला लावायचे आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. डोंगरापुढे अडून न बसता दिशाच बदलायची ही कल्पना आजही दाद द्यावी अशी आहे.

पण नकाशावरच्या या हुशारीची किंमत वेगळ्याच लोकांनी मोजली. बेसॉल्ट हा अतिशय कठीण दगड. त्यात हाताने भोके पाडायची, बंदुकीची दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. काही जागी कड्यावर पाय ठेवायलाही आधार नव्हता, म्हणून मजूर दोरांनी खाली सोडले जात. १८६१ च्या सुरुवातीला कामावर ४२ हजार माणसे होती. पटकी आणि तापाने त्यांतली हजारो दगावली. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये दंगल पेटली आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाऊल ठेवल्यापासून काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी मार्गाचे उद्घाटन केले, तेव्हा बर्कली हयात नव्हते. बोगदे फोडणाऱ्यांची नावे तर कुठल्याच कोनशिलेवर नाहीत. घाटाच्या जुन्या रस्त्यालगत शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना वाट दाखवणारा आणि त्याबद्दल त्यांच्याच गोळीला बळी पडलेला धनगर, अशी त्याची कथा सांगतात. गाडीवाले आजही तिथे हात जोडतात. घाट बांधणाऱ्या अनाम माणसांची लोकांनी ठेवलेली आठवण म्हणून ते देऊळ महत्त्वाचे वाटते.

१९२९ च्या सुमारास नवे बोगदे काढून रिव्हर्सिंग स्टेशन टाळण्यात आले आणि वीज आली. विजेच्या इंजिनाचा मोठा फायदा उतारावर झाला. उतरताना मोटार जनित्राचे काम करते, गाडीचा वेग आवरते आणि वीज तारेत परत पाठवते. उतरणाऱ्या गाडीचा जोर चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडतो.

उतार खरे तर चढापेक्षा धोक्याचा. म्हणून घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत. ठरावीक जागी मुख्य मार्गाला एक रूळ फुटतो, डोंगरावर चढत जातो आणि तिथेच संपतो. सांधा एरवी त्या चढत्या रुळाकडेच वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीच्या चालकाने आधी थांबून दाखवायचे, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध होते, आणि मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थंडावते. भरवसा माणसाच्या शब्दावर न ठेवता गुरुत्वाकर्षणावर ठेवणारी ही जुनी युक्ती इतकी पक्की आहे की ती बदलायची गरज पडली नाही.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र दरवर्षी नव्याने सोडवावा लागतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. बेसॉल्टच्या भेगांत पाणी शिरते, दोन थरांमधली लाल माती भिजते आणि वरचे खडक सुटतात. २०१९ च्या पावसाळ्यात मार्गाचे इतके नुकसान झाले की अनेक गाड्या दीर्घकाळ रद्द ठेवाव्या लागल्या. त्यामुळे पावसाआधी रेल्वेचे ‘हिल गँग’ कर्मचारी दोर बांधून कड्यांवर चढतात, हलू लागलेल्या दरडी हेरतात आणि गाड्या थांबवून त्या स्वतःच खाली पाडतात.