सरकारी नोकर, त्यांच्या संघटना आणि मतपेटी

सरकारी नोकरानें मत अवश्य द्यावें. पण तें कोणास देणार किंवा कोणास दिलें, याची वाच्यता मात्र करूं नये, असा आपल्याकडे नियम आहे. महाराष्ट्र नागरी सेवांचे १९७९ सालचे वर्तणूक नियम याबाबतींत कडक आहेत. राजकीय पक्षाचें सभासद होणें, त्यास वर्गणी देणें, निवडणुकींत प्रचार करणें, उमेदवार म्हणून उभें राहणें, या सर्व गोष्टी सरकारी नोकरास वर्ज्य आहेत. स्वतःच्या अंगावर, वाहनावर किंवा घरावर उमेदवाराचें चिन्ह लावणें हा देखील आपलें वजन खर्च करण्याचाच प्रकार समजला जातो. जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठीं १९६७ सालचे असेच वेगळे नियम आहेत.

या नियमांचा अर्थ श्रीरामपूरसारख्या शहरांत सहज कळतो. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरील या गांवच्या स्थानकाचें नांव बेलापूर. त्याच्याच आधारानें हें शहर वाढलें. येथें प्रांताची व तहसीलदाराची कचेरी आहे, न्यायालय आहे, पंचायत समिति, नगरपरिषद, टपाल कचेरी व एस. टी.चें आगार आहे, आणि मोटारींना सतरा क्रमांक देणारें परिवहन कार्यालयहि आहे. दाखला, उतारा, परवाना यांसाठीं शेतकऱ्यास व व्यापाऱ्यास ज्या खिडकीपाशीं उभें राहावें लागतें, त्या खिडकीमागील कारकून अमक्या पक्षाचा आहे असें एकदां उघड झालें, कीं दुसऱ्या पक्षाच्या माणसाचा त्याजवरील विश्वास उडालाच म्हणून समजावें. नियमाचें खरें कारण हेंच आहे.

परंतु याच कारकुनाचा पगार, बढती, रजा व म्हातारपणची तजवीज हीं सारीं विधिमंडळाच्या व मंत्रिमंडळाच्या हातांत असतात. गिरणीचा मालक आणि सरकार यांत हाच फरक आहे. गिरणीचा मालक मतानें बदलत नाहीं, सरकार बदलतें. म्हणून जगांत सर्वत्र सरकारी नोकरांच्या संघटनांस राजकारणाचा मोह पडतो. अमेरिकेंत १९३९ च्या हॅच कायद्यानें मध्यवर्ती सरकारच्या नोकरांच्या पक्षकार्यावर बंधनें घातलीं. तरी त्यांच्या संघटना उमेदवारांस उघड पाठिंबा जाहीर करतात व कोणते कायदे हवेत याची यादीहि प्रसिद्ध करतात. इंग्लंडांत १९२७ च्या कायद्यानें सरकारी नोकरांच्या संघटनांस राजकीय पक्षाशीं संलग्न होण्याची बंदी झाली, आणि १९४६ सालीं मजूर सरकारनें तो कायदा रद्द केला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांच्या संघटनांस मान्यता देणारे १९९३ चे नियम स्पष्टच सांगतात कीं, अशा संघटनेनें राजकीय निधि ठेवूं नये व कोणत्याहि पक्षाच्या मतांचा प्रसार करूं नये.

मग आपल्याकडील संघटना मार्ग काढतात तो कसा? त्या उमेदवाराचें नांव घेत नाहींत. मागणीचें नांव घेतात. याचें अगदीं ताजें उदाहरण निवृत्तिवेतनाचें आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेंत आलेल्यांस जुनें निवृत्तिवेतन बंद झालें. जुन्या पद्धतींत अखेरच्या पगाराच्या निम्मी रक्कम महागाईच्या वाढीसह आयुष्यभर मिळे, व नोकरास त्यासाठीं कांहीं द्यावें लागत नसे. नव्या पद्धतींत पगाराचा दहावा हिस्सा कापला जाऊं लागला. सरकारहि आपली भर घालूं लागलें. आणि ती रक्कम बाजारांत गुंतविली जाऊन तिचें जें होईल तें नोकराच्या नशिबीं आलें. एकाच टेबलाशीं बसणाऱ्या दोघांपैकीं एकास म्हातारपणाची खात्री व दुसऱ्यास बाजाराचा भरंवसा, अशी स्थिति उत्पन्न झाली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा यांतूनच निघाली.

या मागणीस मतपेटीचा सनदशीर दरवाजा मिळाला तो विधान परिषदेंत. घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणें परिषदेंत शिक्षकांचे व पदवीधरांचे वेगळे प्रतिनिधि असतात. महाराष्ट्राच्या ७८ जागांत ते प्रत्येकीं सात आहेत. श्रीरामपूरचे शिक्षक नाशिक विभागाच्या मतदारसंघांत मोडतात. येथें पसंतिक्रमानें मत देतात, आणि मतदार थोडे असल्यामुळें संघटनेच्या शब्दास वजन येतें. डिसेंबर २०२२ मध्यें नागपूरच्या अधिवेशनांत उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं जुनी योजना आणल्यास एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल असें सांगून ती नाकारली. पुढच्याच महिन्यांत, ३० जानेवारी २०२३ रोजीं, परिषदेच्या पांच जागांसाठीं मतदान झालें. प्रचाराच्या दिवसांत सरकारची भाषा मवाळ झाली होती. नागपूरच्या शिक्षक मतदारसंघांत भारतीय जनता पक्षाचा पाठिंबा असलेले नागो गाणार हरले व सुधाकर अडबाले निवडून आले. मात्र कोंकणांत त्याच पक्षाचे ज्ञानेश्वर म्हात्रे विजयी झाले. तेव्हां एकच प्रश्न सर्वत्र सारखा चालला असें म्हणतां येत नाहीं.

त्यानंतर १४ मार्च २०२३ पासून राज्यभर बेमुदत संप झाला. सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं सरकारी नोकरांस संपाचा हक्क नाहीं असा निर्णय दिलेला असूनहि तो झाला. शाळा ओस पडल्या, कचेऱ्यांतील कामें तुंबलीं, रुग्णालयांत रोग्यांचे हाल झाले. त्याच सुमारास अवकाळी पाऊस पडला, आणि पिकांचे पंचनामे करण्यास तलाठी नव्हते. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या आश्वासनानंतर २० मार्चला संप मिटला व एक समिति नेमली गेली. ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्रानें एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली, तेव्हां महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें ती दुसऱ्याच दिवशीं स्वीकारली. तींत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या रकमेची हमी आहे. नोकराची कपात मात्र कायम आहे. विधानसभेची निवडणूक तेव्हां तीन महिन्यांवर आली होती. मागणी पूर्ण मान्य झाली नाहीं. पण नव्या पद्धतींत गेलेली खात्री बऱ्याच अंशीं परत आली, ही गोष्ट लहान नव्हे.

या यशाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंतील शिक्षकास, केवळ तो शिक्षक आहे म्हणून, शिक्षक मतदारसंघांत मत मिळत नाहीं. माध्यमिक किंवा त्यावरील संस्थेंत तीन वर्षें शिकविणाऱ्यासच तें आहे. कंत्राटी परिचारिका, मानधनावरील अंगणवाडी सेविका यांना तर जुनी पेन्शनहि नाहीं आणि नवीहि नाहीं. ज्या घरांत कोणाचाच पगार खजिन्यांतून येत नाहीं, अशा घरांनीं भरलेल्या करांतूनच निवृत्तिवेतन द्यावयाचें असतें. बलवान संघटनेची मागणी आधीं ऐकली जाते व दुबळ्यांची मागें राहते, हा लोकशाहीचा नेहमींचा दोष आहे.

म्हणून संघटनेनें राजकारणाकडे पाठ फिरवावी, असें मात्र नव्हे. हजारों माणसांच्या म्हातारपणाचा प्रश्न विधिमंडळांत ठरतो, तेव्हां त्यांनीं तेथें बोलणें हें न्याय्यच आहे. बोलण्याची रीत तेवढी निर्मळ असावी. सर्व पक्षांस एकच प्रश्न उघडपणें विचारावा, उत्तर लेखी घ्यावें, तें सभासदांपुढें जसेंच्या तसें ठेवावें, आणि पुढचा निर्णय ज्याच्या त्याच्या गुप्त मतावर सोडावा. मागण्यांच्या यादींत कंत्राटी सोबत्यांचें नांव वर असावें, तळाशीं नसावें. असें झालें, तर खिडकीमागील माणूस कोणत्या पक्षाचा हें विचारण्याची पाळी खिडकीपुढील माणसावर येणार नाहीं. आणि निवृत्तीच्या दिवशीं त्या कारकुनास दोन घांस सुखाचे मिळाले, तर बाहेरच्या कोणासहि त्याचा हेवा वाटणार नाहीं.